रुबेला : मुलाला हलका, पोटातल्या बाळाला भारी

रुबेलाला ‘जर्मन गोवर’ही म्हणतात, उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘जर्मन खसरा’. पुरळ गोवरासारखा दिसतो, पण दोन्ही आजारांचे विषाणू वेगळे आहेत.

लक्षणं आणि प्रसार

आजारी माणसाच्या खोकल्या-शिंकेतून हा विषाणू पसरतो. साधारण दोन ते तीन आठवड्यांनी बारीक ताप येतो, कानामागे आणि मानेवर गाठी येतात, चेहऱ्यापासून सुरू होऊन अंगभर गुलाबी पुरळ उठतो. तो तीनेक दिवसांत जातो. मोठ्या बायकांचे सांधेही दुखतात. काहींना तर काहीच जाणवत नाही. पुरळ येण्याआधी आठवडाभर आणि आल्यानंतर आठवडाभर हा आजार दुसऱ्याला लागू शकतो. म्हणून घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर पुरळ आलेल्या मुलाला तिच्यापासून लांब ठेवा.

खरा धोका कुणाला?

1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बरीच बाळं आली. चौकशी केल्यावर कळलं की बहुतेकींच्या आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. आज आपल्याला माहीत आहे की पहिल्या तीन महिन्यांत आईला लागण झाली तर बाळावर परिणाम होण्याची शक्यता फार मोठी असते. बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयात दोष, मेंदूची वाढ कमी होणं. कधी गर्भपातही होतो. यावर औषध नाही. बचाव एकच, लस.

लस कधी?

सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस मोफत मिळते. पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही द्यायची, कारण मुलाकडूनही आजार घरात येतो. तारीख चुकली असेल तर आशाताईंना विचारा.

गरोदरपणात ही लस देत नाहीत. म्हणून निकाह ठरलेल्या मुलीने आधीच डॉक्टरांना विचारावं. लस घेतल्यावर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. गरोदर बाईच्या अंगावर पुरळ आला, किंवा ती पुरळ आलेल्या माणसाच्या जवळ राहिली, तर लगेच डॉक्टरांकडे जावं.

अफवेचं काय?

नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलांसाठी या लसीची मोहीम सुरू झाली. तेव्हा ‘या लसीने पुढे मूलबाळ होत नाही’ असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. आमच्या शाळेतही काही पालकांनी त्या दिवशी मुलांना घरीच ठेवलं. मी त्यांच्या घरी जाऊन बोललो. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

गोष्ट नेमकी उलटी आहे. या लसीने मूल होणं थांबत नाही. उद्या होणारं मूल धडधाकट जन्मावं म्हणूनच ती आहे. आज घरी गेल्यावर मुलांचं लसीकरण कार्ड काढा आणि दोन्ही डोसांची नोंद आहे का, तेवढं बघा.