खांदेकरी

माणसाचे दोन खांदे एका पातळीत असावेत असा निसर्गाचा संकेत आहे. माझ्या बाबतीत तो मोडला त्याला पुष्कळ वर्षं झाली. माझा डावा खांदा पांढरपेशा आहे आणि उजवा हमाल. गेल्या दिवाळीत शर्टाचं माप घेताना शिंपी म्हणाला, "साहेब, जरा सरळ उभे राहा." मी म्हटलं, "सरळच उभा आहे." त्याने टेप पुन्हा लावली, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि वहीत दोन बाह्यांची दोन निरनिराळी मापं लिहिली.

हा सगळा प्रताप कॅमेऱ्याच्या बॅगेचा. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला काहीतरी छंद असावा म्हणून मी कॅमेरा घेतला. मग कॅमेऱ्याला एकटं वाटू नये म्हणून जवळचं, लांबचं आणि फार लांबचं अशी तीन भिंगं घेतली. मग फ्लॅश, चार्जर, पुसायची फडकी आणि पावसात कॅमेऱ्यावर धरायला एक छत्री. (माझ्यासाठी छत्री कधीच नव्हती.) एवढं झाल्यावर तिपाई बॅगेत मावेना, म्हणून ती आमच्या हिने घेतली. "तेवढी जरा धरतेस का?" असं मी एकदा राजगडच्या पायथ्याशी म्हटलं होतं. ते 'तेवढी जरा' पुढे एकोणीस वर्षं चाललं.

एकदा रद्दीवाला आला असता कुतूहल म्हणून मी बॅग त्याच्या काट्याला लावली. "आठ किलो दोनशे," तो म्हणाला, "भाव पेपरचा लावू की लोखंडाचा?"

शेवटी खांद्याने संप पुकारला. हात कानापर्यंत जाईना. अस्थितज्ज्ञांनी फोटो (त्यांच्या पद्धतीचा) पाहून विचारलं, "हमाली करता का?"

"नाही, छंद आहे."

"हमालीचा?"

दोन किलोच्या वर काहीही उचलायचं नाही, अशी ताकीद मिळाली. दळणाच्या बाबतीत या ताकिदीचा मी पुरेपूर फायदा घेतला. पण कॅमेरा घरी राहिला. आणि ज्याला खेळायला मिळत नाही तो क्रिकेटचा इतिहास वाचतो, तसा मी फोटोग्राफीचा इतिहास वाचायला बसलो.

फोटोग्राफी जगाला जाहीर झाली ती १८३९ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसला. तेव्हापासून विद्वानांनी प्रकाश, छाया, सौंदर्य वगैरेंवर रग्गड लिहून ठेवलं आहे. माझं लक्ष फक्त वजनाकडे होतं. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने ओल्या काचेची रीत काढली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि ओली आहे तोवरच धुवायचा. सगळा पाव तासाचा कारभार. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे अंधारी खोली, बाटल्या, पाणी आणि काचांचे पेटारे. भजी खायची तर तेलाचा घाणाही बरोबर न्यायचा, असला प्रकार.

रॉजर फेंटन १८५५ साली क्रिमियाच्या लढाईचे फोटो काढायला गेला तो ५ कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ पेटारे घेऊन. अंधाऱ्या खोलीसाठी त्याने एका दारूच्या व्यापाऱ्याची घोडागाडी घेतली होती. एवढी थोरली गाडी माळावर उभी राहिल्यावर ती रशियन तोफांच्याही नजरेत भरली. आपल्या मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः फोटो काढत. या मंडळींचीही बाडबिस्तऱ्यातून सुटका नव्हती, एवढं मी माझ्या खांद्याच्या अनुभवावरून सांगू शकतो.

पण माझं मन बसलं ते सॅम्युएल बोर्नवर. हा नॉटिंगहॅमच्या एका बँकेतला कारकून! जातभाई भेटल्याचा आनंद झाला. १८६३ मध्ये नोकरी सोडून तो हिंदुस्थानात आला आणि कॅमेरा घेऊन थेट हिमालयात शिरला. १८६४ च्या काश्मीरच्या सफरीत त्याच्याबरोबर ४२ हमाल होते. बारा इंच बाय दहा इंचाच्या काचा, तंबू, रसायनं, साहेबाचं खाणंपिणं, सगळं त्यांच्या पाठीवर. १८६६ साली त्याने १८,६०० फुटांवरच्या मणिरंग खिंडीत फोटो काढले. इतक्या उंचीवरचा फोटो पुढे कित्येक वर्षं दुसऱ्या कुणाला काढता आला नाही. फोटो खरोखर सुंदर आहेत. हमाल मात्र अधूनमधून ओझी टाकून पळून जात आणि मग बोर्नसाहेब काठी घेऊन त्यांना शोधायला निघत. हे त्यानेच इंग्लंडातल्या नियतकालिकात रंगवून लिहिलं आहे.

हे वाचून मी भयंकर संतापलो. ही शेजारी गहू निवडत होती. तिला सगळं वाचून दाखवलं आणि म्हटलं, "बघ, ओझं बेचाळीस जणांनी वाहायचं आणि काचेवर सही बोर्नची!"

तिने गव्हातला खडा बाजूला काढला आणि विचारलं, "त्या माणसांचा एखादा तरी फोटो काढला का हो त्याने?"

"दिसतात की. बर्फात उभे केलेत. बारीक बारीक. मागच्या डोंगराची उंची कळावी म्हणून."

"म्हणजे माझ्यासारखेच," ती म्हणाली आणि पुन्हा गहू निवडू लागली.

त्या रात्री मी आमचे अल्बम काढले. राजगडाचं नेढं सकाळी, नेढं दुपारी, नेढं ढगांत. भिगवणचे रोहित पक्षी शेकड्यांनी. आणि ही? एका दरवाज्याशी, दरवाजा केवढा उंच आहे ते कळावं म्हणून. एका तोफेशी, तोफ केवढी लांब आहे ते कळावं म्हणून. हातात तिपाई. एकोणीस वर्षांत माझ्या बायकोचा उपयोग मी फूटपट्टीसारखा केला होता. बोर्नवरचा माझा राग अर्ध्याहून अधिक ओसरला. काठी काय ती नव्हती.

दुसरा बँक कारकून भेटला तो जॉर्ज ईस्टमन, अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा. १८७७ च्या सुमारास त्याने सांतो डोमिंगोला जायचं ठरवलं आणि फोटोचं सगळं सामान घेतलं. तंबू, काचा, बाटल्या, तिपाई असं घोड्यावर लादायचं ओझं झालं. ईस्टमन शेवटी सांतो डोमिंगोला गेलाच नाही. मात्र हे एवढं कशाला लागतं, या प्रश्नाने त्याला पछाडलं. तोवर कोरड्या काचांचा शोध लागला होता. ईस्टमनने त्या बनवायला घेतल्या, मग काच सोडून गुंडाळीची फिल्म आणली आणि १८८८ मध्ये हातात मावणारा कोडॅक काढला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म. संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवून द्यायचा. १९०० साली त्याचा ब्राऊनी आला, तो एका डॉलरला. सामान बघून घरी बसणाऱ्या माणसाचे जगावर केवढे उपकार असतात! आमच्याकडे अशांना आळशी म्हणतात.

तरी जाणकार मंडळी काचा वाहतच राहिली. हलकं ते हलक्या दर्जाचं, ही समजूत माणसाच्या डोक्यात फार खोल गेलेली आहे. ती मोडली ऑस्कर बार्नाकने. हा जर्मनीत वेट्झलरला लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात होता. डोंगर हिंडायची हौस आणि सोबतीला दमा. मोठा काचांचा कॅमेरा चढावर नेताना धाप लागे. तेव्हा त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, ती आडवी धरून चौकट दुप्पट, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटरची केली आणि १९१३-१४ च्या सुमारास खिशात मावणारा कॅमेरा घडवला. १९२५ मध्ये तो लायका नावाने बाजारात आला. निकोप छातीचा माणूस असता तर वाहत बसला असता.

छोट्या कॅमेऱ्याने काय साधलं ते १९५३ मध्ये एव्हरेस्टवर दिसलं. हिलरीजवळ जुना, दुसऱ्याने वापरलेला कोडॅक रेटिना होता. त्याने फोटो काढला तो तेनसिंगचा. तेनसिंग १९३५ साली पहिल्यांदा एव्हरेस्टच्या मोहिमेवर गेला तो हमाल म्हणून. या फोटोत तो बारीक बारीक नाही, पूर्ण चौकटभर आहे. शिखरावर हिलरीचा स्वतःचा फोटोच नाही.

मग वजन परत आलं कुठून? आरशातून. लायकात भिंगातून बघायची सोय नव्हती. शेजारच्या खिडकीतून बघायचं. खिडकीत मामा पूर्ण दिसत आणि फोटोत त्यांचं डोकं कापलं जाई. भिंगावरचं झाकण काढायचं राहिलं तरी पत्ता लागत नसे. यावर तोडगा म्हणून भिंगामागे ४५ अंशांत आरसा बसवला. तो चित्र वर फेकतो, वरचा लोलक ते सुलटं करून डोळ्याला देतो आणि बटण दाबलं की आरसा खट्याक् करून बाजूला होतो. १९३६ ते १९५९ या काळात, ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टापासून जपानच्या निकॉन एफपर्यंत, हे यंत्र सुधारत गेलं. पण आरशाला उडायला जागा हवी. निकॉनच्या त्या घडणीत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर सोडावं लागे. काडेपेटीएवढ्या आरशासाठी वर लोलकाचं घुमट आणि भोवती वाडा. फिल्म गेली, डिजिटल आलं, तरी वाडा उभाच.

भिंगातलं चित्र थेट छोट्या पडद्यावर दिसू लागल्यावर आरशाचं काम संपलं. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी-१ काढला, भिंगं बदलता येणारा पण बिनआरशाचा. २०१८ मध्ये निकॉननेही झेड मालिका आणली, तेव्हा ते ४६.५ चं अंतर १६ वर आलं.

मी हे हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही खांद्यावर आरसा घेऊन हिंडत होतात? आणि एकदाही त्यात बघितलं नाहीत?"

आठवड्याभरात मी वाडा विकला आणि बिनआरशाचा कॅमेरा घेतला. दुकानदार सज्जन होता. आरसा गेला तरी काच ती काचच, मोठ्या सेन्सरची मोठी भिंगं आजही तितकीच जड, हे त्याने पैसे घेण्यापूर्वी सांगितलं. म्हणून मी लहान सेन्सरचा घेतला. दोन भिंगांसकट सव्वा किलो. तक्रारी आहेत. पडदा सतत चालू असल्याने बॅटरी भराभर संपते, म्हणून खिशात दोन जास्तीच्या असतात. आणि 'खट्याक्' गेलं. आवाज बंद करून फोटो काढला की नातेवाईक दात दाखवून तसेच उभे राहतात आणि थोड्या वेळाने विचारतात, "काढलास का?" त्या खट्याक्‌ची मला अजून चुटपुट लागते.

परवा राजगडावर गेलो. तिपाई घरी होती. पाली दरवाज्यात ही रिकाम्या हातांनी उभी राहिली आणि तिला त्या हातांचं काय करावं ते समजेना. मी जवळ जाऊन फोटो काढला. दरवाज्याचा एक चिराही त्यात आला नाही. मग तिने कॅमेरा मागितला, एका हातात धरला आणि मला पायरीवर उभं केलं. बॅग नाही, पट्टा नाही, मी ऐटीत हात मागे बांधले.

ती पडद्यात बराच वेळ बघत राहिली.

"अहो, सरळ उभे राहा ना."

"सरळच उभा आहे," मी म्हटलं.