इतिवृत्ताची दुरुस्ती आणि हरताळ

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस हरताळाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. लेखकाचा हात चुकला म्हणजे चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासून वर शुद्ध पाठ लिहावा, ही चाल सर्वविश्रुत आहे. मात्र हरताळाखालीं मुळांत काय होतें हें पुष्कळदां कळत नाहीं, आणि पाठनिर्णय अडतो. सभांच्या इतिवृत्तांविषयींही हाच प्रश्न उद्भवतो. तो ज्या एका पानावर कसास लागला, त्याची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

इंग्लंड-अमेरिकेंतून रूढ झालेल्या सभापद्धतीप्रमाणें मागील सभेचें इतिवृत्त पुढील सभेपुढें ठेवितात, सभासद त्यांतील चुका दाखवितात, व दुरुस्तीनंतर तें मंजूर होतें. ही दुरुस्ती एकाच गोष्टीपुरती असते: जें घडलें तेंच लिहिलें आहे कीं नाहीं. झालेला ठराव शहाणपणाचा होता कीं नव्हता, हा विचार त्या वेळीं अप्रस्तुत होय. बहुमतास जुना ठराव नव्या ठरावानें रद्द करतां येतो. परंतु तो झालाच नव्हता, असें करतां येत नाहीं.

तसें करण्याचा यत्न मात्र झालेला आहे. इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें १८ डिसेंबर १६२१ रोजीं आपले हक्क सांगणारा लेख दप्तरीं दाखल केला. राजा पहिला जेम्स यानें ३० डिसेंबर रोजीं दप्तर मागवून तें पान स्वहस्तें फाडून टाकिलें. पान गेलें, पण मजकूर अन्यत्र राहिला व पुढें छापलाही गेला. हें झालें राजाचें. खुद्द सभेसच आपला लेख नकोसा झाला तर काय करावें?

हा प्रसंग अमेरिकेच्या सेनेटवर आला. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनीं १८३३ सालीं सरकारी ठेवी युनायटेड स्टेट्स बँकेंतून हलविण्याचें ठरविलें, व तें करण्यास नाकबूल झालेले खजिन्याचे मंत्री विल्यम डुएन यांस काढून टाकिलें. तेव्हां हेन्री क्ले यांच्या पुढाकारानें सेनेटनें २८ मार्च १८३४ रोजीं २६ विरुद्ध २० मतांनीं जॅक्सन यांच्या निषेधाचा ठराव केला. जॅक्सन यांनीं पाठविलेलें उत्तर रोजनाम्यांत घेण्यासही तिनें नकार दिला. मिसूरीचे टॉमस हार्ट बेंटन यांनीं मग हा निषेध रोजनाम्यांतून काढून टाकण्याचा ध्यास घेतला. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा कीं, प्रत्येक सभागृहानें रोजनामा ठेवावा अशी राज्यघटनेची आज्ञा आहे, आणि ठेवणें म्हणजे राखणें. तथापि सेनेटमधील पक्षबल पालटलें, व १६ जानेवारी १८३७ रोजीं बेंटन यांचा ठराव २४ विरुद्ध १९ मतांनीं संमत झाला.

त्याची अंमलबजावणी संशोधकांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. चिटणीस ॲसबरी डिकिन्स यांनीं मूळ हस्तलिखित रोजनामा सभेसमोर आणून निषेधाच्या ठरावाभोंवतीं काळ्या रेघांची चौकट ओढिली, आणि सेनेटच्या आज्ञेनें हा मजकूर काढून टाकला असा शेरा तारखेसह त्या मजकुरावरच लिहिला. पान फाडलें नाहीं. अक्षरें खरवडलीं नाहींत. विजयी पक्षाच्या ठरावांतच ही रीत सांगितलेली होती. परिणामीं १८३४ चें बहुमत आणि १८३७ चें बहुमत, दोहोंची साक्ष एकाच पानावर राहिली आहे.

हेन्री मार्टिन रॉबर्ट यांच्या सभानियमांचें पुस्तक प्रथम १८७६ सालीं निघालें. त्याच्या १९१५ च्या आवृत्तींत हीच रीत नियमरूपानें आढळते: मजकुराभोंवतीं रेघ ओढावी, वर शेरा, तारीख व सही करावी, मात्र वाचतां येणार नाहीं असें खोडूं वा कापूं नये. कारण मोठें मार्मिक आहे. मूळ अक्षर दिसेनासें झालें तर आज्ञेपेक्षां अधिक कांहीं काढलें गेलें काय, हें पडताळतां येणार नाहीं.

यावरून संग्राहकांनीं एवढा बोध घ्यावा. जुन्या सभेचें इतिवृत्त हातीं आल्यास केवळ शुद्ध प्रतीवर संतुष्ट राहूं नये; मूळ वही पाहावी, व नक्कल करतांना खोडलेला मजकूर खोडलेला म्हणूनच, शेऱ्यासह उतरावा. आणि आपल्या संस्थांच्या वह्यांत चिटणीसांनीं दुरुस्ती रेघेनें करावी, हरताळानें करूं नये. उद्यांचा संशोधक त्याच वह्या उघडणार आहे.