पारा विषबाधा : चेलेशन औषधाची निवड

शरीरात गेलेला पारा धरून तो मुख्यतः लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधांचा उपचार म्हणजे चेलेशन. या औषधांच्या रेणूंतील गंधक पाऱ्याला पकडून ठेवतो. औषध कोणते द्यायचे हे पारा कोणत्या रूपात आणि कोणत्या वाटेने शरीरात शिरला यावर ठरते. कित्येकदा ‘कोणतेच नको’ हाच योग्य निर्णय असतो.

संपर्काच्या वाटा : अंबाबाई मंदिराजवळची गुजरी ही कोल्हापूरची जुनी सराफ पेठ. अशा पेठांतली दुकानांची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणे हा झारेकऱ्यांचा पिढीजात धंदा. या कामाच्या जुन्या रीतीत गाळात पारा मळतात. सोने त्यात उतरते. मग फडक्यातून पिळून राहिलेला गोळा तापवला की पारा उडतो आणि सोने उरते. वाफेला वास नसतो, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे 80 टक्के पारा रक्तात उतरतो. घरात पारा येतो तो गोरेपणाच्या क्रीममधून किंवा पारदयुक्त औषधांतून. थर्मामीटर फुटून मुलाने पारा गिळला की घरचे हादरतात. पण तो आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. त्याला चेलेशन लागत नाही. फरशीवर सांडलेला पारा मात्र झाडूने लोटू नये, कागदाने गोळा करावा.

निदान : धातुरूप पारा व त्याचे क्षार यांसाठी 24 तासांची लघवी, माशांतून येणाऱ्या मिथिल पाऱ्यासाठी रक्त तपासतात. नमुना औषधाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावा. आधी औषध देऊन मग लघवीतला पारा मोजण्याची चाचणी निरुपयोगी आहे. तिच्यात निरोगी माणसाचाही आकडा फुगतो.

औषधे : डायमरकॅप्रॉल (बाल) हे सर्वांत जुने. दुसऱ्या महायुद्धात ल्यूइसाइट या आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून ते इंग्लंडमध्ये तयार झाले. ते शेंगदाणा तेलात असते, स्नायूत टोचतात आणि दुखते. ते पारा मेंदूकडे ढकलू शकते, म्हणून मिथिल पाऱ्याच्या बाधेत वर्ज्य. पाऱ्याचा क्षार पोटात गेला आहे आणि रुग्णाला तोंडाने काही देता येत नाही, अशा गंभीर वेळी त्याचा उपयोग. एरवी डीएमएसए (सक्सिमर) पसंत केले जाते. ते तोंडाने घेता येते आणि तुलनेने सौम्य आहे. सोव्हिएत संघात विकसित झालेले डीएमपीएस तोंडाने किंवा शिरेतून देतात. ही दोन्ही मिळाली नाहीत तर विल्सन रोगासाठी वापरले जाणारे डी-पेनिसिलामाइन हाताशी येते. पण ते रक्तपेशी घटवू शकते आणि स्वतःच मूत्रपिंडाला इजा करू शकते. क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला ते देण्याआधी दहादा विचार करावा. शिसे काढण्यासाठीचे ईडीटीए पाऱ्यावर चालत नाही. ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली त्याचे सलाइन लावणे धोक्याचे आहे, 2005 मध्ये अमेरिकेत स्वमग्नतेवर उपचार म्हणून ईडीटीए दिलेले एक मूल कॅल्शियम घटून दगावले.

मर्यादा : लघवीत पारा जास्त उतरला म्हणजे रुग्ण बरा झाला असे नव्हे. 1971-72 मध्ये इराकमध्ये पारायुक्त बुरशीनाशक लावलेल्या बियाण्याच्या भाकऱ्या खाऊन हजारोंना बाधा झाली. तिथे चेलेशनने रक्तातला पारा उतरला, पण मेंदूची झालेली हानी भरून निघाली नाही. म्हणून पहिला उपचार संपर्क तोडणे हाच. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीमने बिघडल्याचे प्रकरण 2023 मध्ये गाजले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी होऊन पारा सापडला. केरळात अशाच क्रीमनंतर मूत्रपिंडविकार झालेले बहुतेक रुग्ण क्रीम बंद केल्यावर सुधारले. चेलेशन लागते ते लक्षणे असलेल्या आणि तपासणीत पारा स्पष्टपणे वाढलेल्या रुग्णाला, तेही रुग्णालयात, मूत्रपिंड व रक्तपेशींवर लक्ष ठेवून.

संशय आल्यास कोल्हापूरकरांनी सीपीआर किंवा अन्य मोठ्या रुग्णालयात जाताना क्रीमची डबी, औषधाची पुडी सोबत न्यावी. ती फेकून देऊ नये.