बॅ. जयकर : कायदेकौन्सिलापासून न्यायासनापर्यंत

महजर वाचतांना त्यांतील निवाड्याबरोबरच तो कोणाच्या समक्ष झाला हेंही आपण पाहतों. अर्वाचीन न्यायालयाचा निर्णय हेंही अस्सल साधन होय, व त्यासही तीच कसोटी लावली पाहिजे. कै. मुकुंद रामराव जयकर (१८७३–१९५९) यांच्या एका निर्णयाची तशी तपासणी येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जयकर १९२३ मध्यें स्वराज्य पक्षातर्फे मुंबई कायदेकौन्सिलांत गेले व तेथें पक्षाचे पुढारी झाले. तो द्विदल राज्यपद्धतीचा काळ होता. शिक्षण व आरोग्य हीं खातीं लोकमंत्र्यांकडे, तर जमाबंदी व तिजोरी राखीव बाजूस. प्रांतावर काम आहे पण पैसा नाहीं, ही स्थिति त्यांनीं जवळून पाहिली. १९२५ मध्यें अधिकारस्वीकाराच्या प्रश्नावरून ते, केळकर व मुंजे पक्षापासून दुरावले व प्रतियोगी सहकारितेचा पुरस्कार करूं लागले. पुढें जयकर मध्यवर्ती असेंब्लींत गेले.

तेथें १९२७ मध्यें रस्तेसुधारणा समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. रस्त्यांचा भार एकट्या प्रांतांस झेपणारा नाहीं, सबब मध्यवर्ती सरकारनें पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांकडे लावावा, असा समितीचा अभिप्राय पडला. त्यानुसार १९२९ मध्यें दर गॅलनास दोन आणे जादा कर बसला.

१९३७ मध्यें दिल्लीस संघन्यायालय स्थापन झालें. सर मॉरिस ग्वायर हे मुख्य न्यायाधीश. सर शहा सुलेमान व जयकर हे त्यांचे सहकारी. न्यायालयापुढें पहिला मोठा प्रश्न आला तोही पेट्रोलचाच! मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळानें १९३८ मध्यें पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेंकडा पांच कर बसविला होता. ही उत्पादनावरील जकात असून ती बसविण्याचा अधिकार आपला, असें मध्यवर्ती सरकारचें म्हणणें. हा विक्रीवरील कर आहे, हें प्रांताचें उत्तर. डिसेंबर १९३८ मध्यें तिघांनींही वेगवेगळीं मतें लिहून प्रांताचा कायदा ग्राह्य ठरविला.

जुन्या कौन्सिलरानें आपल्या प्रांताभिमानास अनुसरून मत दिलें, अशी शंका येणें साहजिक आहे. आम्हांस ती टिकाऊ वाटत नाहीं. एक तर पेट्रोलवर मध्यवर्ती कर सुचविणारेही जयकरच होते. म्हणजे त्यांचें पूर्ववृत्त दोन्ही पारड्यांत सारखेंच पडतें. दुसरें, राजकारणाशीं तसा संबंध नसलेले ग्वायरही त्याच निष्कर्षास आले. पूर्ववृत्तानें जयकरांस प्रश्नाची जाण दिली. निकाल मात्र कायद्याच्या शब्दांनीं दिला.

या निकालाचें फळ दूरवर पोंचलें. विक्रीकर हा प्रांतांच्या, व पुढें राज्यांच्या, उत्पन्नाचा मुख्य आधार झाला. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवाकर सुरू झाला तेव्हांही पेट्रोल त्याच्या कक्षेबाहेर ठेवून त्यावरील विक्रीकर राज्यांच्या हातीं राहूं दिला गेला.

जयकर १९३९ मध्यें प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. त्यांचे खासगी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहेत. कौन्सिलचीं भाषणें, समितीचा अहवाल व संघन्यायालयाचें मत हीं तिन्ही या कागदांशेजारीं ठेवून कोणी अभ्यासकानें वाचावीं, अशी आमची सूचना आहे. एकाच हातच्या लिखाणांत वकील, लोकप्रतिनिधि व न्यायाधीश हे कोठें वेगळे होतात, हें तेथेंच उमजेल.