ई-टपालाच्या वेशीवरचा पहारा

ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात अमेरिकेत जॉन पोस्टेल या संशोधकाने संगणकांनी एकमेकांकडे पत्रे कशी पोचवावीत, याची नियमावली प्रसिद्ध केली. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पण पुढे लातूर-नांदेडच्या कार्यालयांत ई-मेल येऊ लागली, ती याच नियमावलीनुसार. पत्र कोणाकडून आले आणि कोणाला द्यायचे, एवढेच त्यात विचारले जाई. आत काय आहे, हे पाहण्याची तरतूद नव्हती. पाठवणारा खरे नाव सांगतो, असे गृहीतच धरले होते. कारण तेव्हा हे जाळे मोजक्या संशोधकांपुरतेच होते.

मराठवाड्यात संगणकाचे जाळे आधी सरकारी वाटेने आले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'निकनेट'ने जिल्ह्यांची ठिकाणे उपग्रहामार्फत जोडली. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सुरू केले, तेही महानगरांत. तोवर व्हायरस फ्लॉपीतून फिरत होता आणि त्यावरचे औषधही फ्लॉपीतूनच येई. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांचे 'क्विक हील' याच काळातले. प्रत्येक संगणकाला त्याचा स्वतंत्र वैद्य, अशी ती पद्धत होती.

ई-मेलने हे गणित बिघडवले. मार्च १९९९ मध्ये आलेला 'मेलिसा' संगणकातल्या पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःच पत्र धाडी. ४ मे २००० रोजी फिलिपीन्समधून निघालेले 'आय लव्ह यू' हे पत्र काही तासांत जगभर पोचले.

फोनच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्या लहान शहरांची अडचण तर दुहेरी होती. व्हायरसचे पत्र ज्या मंद तारेने उतरे, त्याच तारेने अँटिव्हायरसची नवी यादी यायची. यादी येईपर्यंत पत्र उघडलेले असे. शिवाय पन्नास संगणकांवर पन्नास याद्या ताज्या ठेवणार कोण? म्हणून पहारा घरोघरी न ठेवता वेशीवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच बसवावा, हा विचार रुजला.

जुन्या जकात नाक्यावर मालमोटारीची ताडपत्री उघडून माल पाहत, तसेच हे काम. सर्व्हर आलेले पत्र पेटीत टाकण्याआधी तपासनिसाच्या हाती देतो. तो सोबतची फाइल सुटी करतो, झिपचे गाठोडे सोडतो आणि आतील मजकूर ज्ञात व्हायरसच्या खुणांशी ताडून पाहतो. निर्धोक पत्र पुढे जाते, संशयित पत्र वेगळे ठेवले जाते. २००२ मध्ये पोलंडच्या तोमाश कोय्म यांनी 'क्लॅमएव्ही' हा मोफत तपासनीस उपलब्ध केला आणि तुटपुंज्या निधीच्या संस्थांनाही वेशीवर पहारा ठेवणे शक्य झाले.

पण पहारेकरीही चुकतो, श्रोतेहो. २००३ च्या 'सोबिग'सारखे व्हायरस पाठवणाऱ्याचे नाव खोटे घालत. तरीही अनेक सर्व्हर त्या नावावर 'तुमच्या पत्रात व्हायरस आहे' असा निरोप धाडत राहिले. निरपराधांच्या पेट्या या निरोपांनी भरल्या. २००४ मध्ये 'बॅगल'ने कुलूपबंद झिप पाठवली आणि तिचा पासवर्ड पत्रातच लिहिला. तपासनिसाला कुलूप उघडता येईना. माणूस मात्र वाचून सहज उघडी.

त्यातून शहाणपण आले. व्हायरसचे पत्र पाठवणाऱ्याकडे परतवायचे नाही आणि कुलूपबंद गाठोडे तसेच आत सोडायचे नाही. खुणांची यादी रोज ताजी करायची. 'आयकार' या ६८ अक्षरांच्या निरुपद्रवी चाचणी-फाइलने पहारा जागा आहे ना, हेही पाहायचे.

आज बहुतेकांची पत्रे मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नकळत तपासली जातात. तरीही फसवणुकीचे साधे पत्र, ज्यात व्हायरसच नाही, ते या तपासणीतून सुटू शकते. आणि कधी उलटही घडते. नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेशाचा अर्ज संशयितांच्या कप्प्यात अडकतो आणि मुदत टळून जाते. म्हणून तो कप्पा रोज उघडून पाहणारा माणूस नेमणे, हा या व्यवस्थेतला सर्वांत स्वस्त भाग आहे; आणि नेमका तोच विसरला जातो.