मोटारसायकल : हस्तचलित व स्वयंचलित गतिप्रेषण

एंजिनाची शक्ती मागील चाकापर्यंत नेताना वेग व चढ यांनुसार फेऱ्यांचे प्रमाण बदलणाऱ्या योजनेस गतिप्रेषण म्हणतात. हा बदल चालकाने क्लच व गिअर वापरून केल्यास ते हस्तचलित व यंत्रानेच केल्यास स्वयंचलित होय. यांतील पहिले नाव रूढीने टिकले आहे इतकेच; बहुतेक मोटारसायकलींचे गिअर पायाने बदलतात.

प्रारंभीच्या अनेक गाड्यांना एकच गती असे. चढावर चालकास पॅडल मारावे लागे किंवा उतरून गाडीबरोबर धावावे लागे. १९११ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावरील शर्यत प्रथमच डोंगरी मार्गावर झाली, तेव्हा तिच्या वरिष्ठ गटात द्विगती गिअरपेटीच्या अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनी पहिले तीन क्रमांक मिळविले. पुढे गिअरांची आवश्यकता सर्वमान्य झाली. परंतु त्यांबरोबर क्लच सांभाळण्याचे कौशल्यही अपरिहार्य ठरले व नवशिके त्यामुळे दूर राहिले.

ही अडचण जपानच्या होंडा कंपनीने १९५८ च्या ‘सुपर कब’ या ४९ घ. सेंमी. गाडीत दूर केली. एका हाताने शेवयांची तबके सावरीत घरोघरी जाणाऱ्या उपाहारगृहातील पोऱ्यालाही ती चालविता यावी, अशी सोइचिरो होंडा यांची अपेक्षा होती. म्हणून क्लचची मूठच काढून टाकली. एंजिनाचा वेग वाढताच केंद्रोत्सारी प्रेरणेने क्लच आपोआप जुळे. तीन गिअर मात्र पायानेच बदलावयाचे होते. अर्धस्वयंचलित अशा या गाडीच्या कुलाचे उत्पादन २०१७ मध्ये १० कोटींवर गेले.

मोठ्या गाड्यांत हा प्रयोग रुजला नाही. इटलीच्या मोटो गुझीने १९७५ मध्ये व होंडाने १९७६ मध्ये द्रवाद्वारे शक्ती वाहून नेणाऱ्या द्विगती गाड्या काढल्या. होंडाची गाडी मूळ ७५० घ. सेंमी. गाडीहून जड व मंद होती. तिला ग्राहक थोडेच लाभले. वळणावर कललेल्या गाडीत चाकावर किती शक्ती जावी, हे चालकास स्वतः ठरवावयाचे असते. त्याची नापसंती निव्वळ अभिमानाची नव्हती. होंडाने २०१० मध्ये दोन क्लचांची संगणकनियंत्रित गिअरपेटी आणली, तेव्हा हा आक्षेप बराच सौम्य झाला.

भारतात स्वयंचलनाचा खरा प्रसार मोपेड व स्कूटर यांतून झाला. पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंगची ‘लूना’ १९७२ मध्ये आली. तिला गिअरच नव्हते. १९८४ मध्ये ‘कायनेटिक होंडा’ने आपोआप व्यास बदलणाऱ्या कप्प्यांवरील पट्टा व बटणाने सुरू होणारे एंजिन आणले. किक व क्लच यांचा अडसर गेल्याने साडी नेसणाऱ्या नोकरदार स्त्रियांना स्वतःचे वाहन सुलभ झाले. यांत्रिक गुणांपेक्षा हा परिणाम मोठा मानावा लागेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यासाठी ‘गिअर नसलेली’ व ‘गिअर असलेली’ असे मोटारसायकलींचे दोन वर्ग केले. १९७२ मध्ये आलेली, डाव्या मुठीने गिअर बदलणारी ‘चेतक’ २०२० मध्ये विद्युत् स्कूटर म्हणून परतली, तेव्हा तिला गिअर वा क्लच उरला नव्हता.