वायुविलगक : चाळणी की उफणणी?

दळलेल्या द्रव्यातून बारीक कण निवडणाऱ्या वायुविलगकास चाळणीच्या कुळात बसविणे सोपे वाटते; परंतु ते इतिहासाला धरून नाही. मम्फोर्ड व मूडी यांनी १८८५ साली एकस्व घेतलेल्या यंत्रात फिरत्या तबकडीवरून द्रव्य फेकले जाई. पंख्याचा झोत बारीक कण बाहेरच्या शंकूत नेई, जाडे कण आतल्या शंकूत पडून पुन्हा दळणास जात. निवड छिद्रांनी नव्हे, वाऱ्याने होई. स्टोक्सच्या १८५१ च्या नियमानुसार सूक्ष्म कणाचा पतनवेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, तसाच घनतेप्रमाणेही. म्हणून लहान जड कण मोठ्या हलक्या कणाबरोबर पडू शकतो. खळ्यावरील उफणणीचे तत्त्व हेच होय. परिभाषा घडविताना ‘चाळणे’ हा धातू योजल्यास यंत्राची ही मर्यादाच शब्दाआड दडेल.